नुसतं दार

खोडाळ्याहून आलेल्या त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं तुळशीदास गुरुजी स्वतःशी म्हणत. पण ते खरं नव्हतं. राहून जातं ते गिरणीतलं दळण. पत्राचं उत्तर त्यांना जमलं नव्हतं.

गुरुजींनी आयुष्यात एक कादंबरी लिहिली होती. नाव 'आतून कडी'. मागच्या पानावर 'मनोविश्लेषणात्मक' असा शब्द छापला होता. तो प्रकाशकाचा, आपला नव्हे, हे गुरुजी अजूनही न विचारता सांगतात. कादंबरीत एक माणूस बंद दाराआड उभा आहे. त्याला नाव नाही. बाहेर एक बाई कडी वाजवते आहे. शेवटच्या ओळीत त्याचा हात कडीपर्यंत पोचतो आणि पुस्तक संपतं. मधली सगळी पानं तो विचार करतो. पुष्पलताबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या सौभाग्यवतींनी, पुस्तक मोठ्या उत्साहानं हाती घेतलं, थोडं वाचलं आणि 'यानं दार उघडलं की मला हाक मारा' असं सांगून त्या भाकऱ्या थापायला गेल्या. त्या हाकेची त्यांनी पुढे चौकशी केली नाही.

पुस्तकाला एकच पत्र आलं. नीता नावाची मुलगी होती, तेव्हा खोडाळ्यात राहून शिक्षिकेचा अभ्यास करत होती. तिनं लिहिलं होतं: 'तुमच्या कादंबरीतला माणूस आमच्या घरी आहे. ते माझे वडील. घरात कुणी आलं की ते खोलीत जातात आणि आतून कडी लावतात. मी दाराशी बसून कडी वाजवत राहते. मी वाजवत राहावं असं त्यांना वाटतं, की थांबावं असं वाटतं? तुम्हाला माहीत असणार, म्हणून विचारते.'

शेवटच्या वाक्यानं घात केला. गुरुजींना माहीत नव्हतं. पुस्तकभर त्या माणसाच्या डोक्यात शिरून बसलेला लेखक, आणि एवढी साधी गोष्ट त्याला विचारायची राहिली होती. गुरुजी उत्तर लिहायला बसले. 'प्रिय नीता' हे फार जवळचं वाटलं, 'महोदया' हे कार्यालयीन वाटलं. मग उत्तराआधी मानवी मनाबद्दल थोडी प्रस्तावना असावी असं वाटलं. ती प्रस्तावना लांबली. मग इतके दिवस गेले की उत्तराआधी दिलगिरी हवी झाली आणि दिलगिरी प्रस्तावनेपेक्षा लांबली. पुढे वर्षं गेली. मग गुरुजींनी पत्राऐवजी खोडाळाच टाळायला सुरुवात केली. तिकडच्या लग्नांना पुष्पलताबाई एकट्या जात. खोडाळ्यावरून जाणारी एसटी लागलेली दिसली की गुरुजी ती सोडून लांबच्या रस्त्यानं जात. नीता पुढे तिथल्याच शाळेत शिक्षिका झाली हे त्यांना कळलं होतं, त्यामुळे धोका कायमचा झाला होता.

अशा सुरळीत चाललेल्या आयुष्यात मुकेश आला.

मुकेश मोखाड्याचा, गुरुजींचा जुना विद्यार्थी. मुंबईत मालिकांच्या शूटिंगवर कुणाच्या तरी हाताखालच्या माणसाच्या हाताखाली होता. आता स्वतः दिग्दर्शक होऊन आला होता आणि डोळ्यांवरचा काळा चष्मा घरात शिरल्यावरही काढत नव्हता.

"गुरुजी, तुमच्या कादंबरीवर पिच्चर काढतोय. फिक्स."

"तू वाचलीस?"

"वाचायचं काय गुरुजी, फील आला. मागचं पान वाचलं ना. एकदम खतरनाक."

गुरुजींना भीती वाटली, पण तिच्याखाली, अगदी तळाला, थोडी हावही होती. ती त्यांना दिसली आणि लाज वाटली. ते म्हणाले, "मुकेश, एकच सांगतो. दार बंद राहिलं पाहिजे. कुणी ते मोडायचं नाही. बाकी तू बघ."

"दार बंदच, गुरुजी. शब्द."

"मग बघू," गुरुजी म्हणाले. मास्तरकीत 'बघू' म्हणजे नाही. चित्रपटाच्या धंद्यात तो होकार असतो, हे त्यांना मागाहून कळलं.

शेजारच्या रोहिदासांना कळलं म्हणजे गाव जमा झालं. रोहिदास एसटी डेपोतून निवृत्त झालेले. उभी हयात लाउडस्पीकरवर गाड्या पुकारण्यात गेल्यामुळे गुपितसुद्धा ते फलाटावर ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. दुसऱ्या सकाळी ते ओट्यावर येऊन बसले आणि सल्ला सुरू झाला.

"गुरुजी, त्या माणसाला निदान नोकरी तरी द्या. बिननोकरीचा माणूस दाराआड उभा आहे म्हटल्यावर लोकांना वाटणार, पोरगी बघायला पाहुणे आलेत आणि याचा शर्ट सापडत नाहीये."

"त्याच्या मनात द्वंद्व आहे, रोहिदास."

"मग तेच कुणाशी तरी लावा. द्वंद्व असलं की फाइट पाहिजे."

भाजीवाल्या रामीबाईंनी आत भूत असावं असं सुचवलं. पोस्टातल्या कारकुनानं दाराबाहेरची बाई तरुण करायला सांगितलं. पुष्पलताबाईंचं मत सर्वांत व्यवहारी होतं. "बाईला आत घ्या, चहा टाका, संपवा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या दारात इतका वेळ कुणी उभं राहतं का?"

गुरुजींना वाटलं, खरंच, कुणी राहतं का? आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

पहिलं संकट आलं ते जागेचं. मुकेशनं तालुक्यातली घरं पाहिली, सगळी अंधारी निघाली. कॅमेरा आत मावला की नट बाहेर राहत होता. त्यानं तोडगा काढला: घरच नको. उघड्या माळावर नुसती चौकट उभी करायची आणि तिला दार लावायचं. "सिम्बॉलिक, गुरुजी. सगळं जग म्हणजेच घर."

"कुठल्या माळावर?" गुरुजींनी विचारलं.

"खोडाळ्याच्या."

गुरुजींनी हातातला कप बशीत ठेवायला घेतला. तो बशीच्या बाहेर बसला.

माळावर दार उभं करायला परवानगी हवी होती. गुरुजींचं अक्षर चांगलं म्हणून त्यांनाच बरोबर नेलं. कार्यालय कुठलं हे सांगण्यात अर्थ नाही. तिथला कारकून सज्जन होता. त्यानं अर्ज दोनदा वाचला.

"दाराची परवानगी?"

"हो," गुरुजी म्हणाले.

"घर कुठंय?"

"घर नाही. नुसतं दार."

"घराला दार लागतं साहेब, दाराला काय लागतं? याला बांधकामात घालू का अतिक्रमणात?"

"ते तात्पुरतं आहे."

"बरं. मग ते उघडंय का बंद?"

"बंद," गुरुजी ठामपणे म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी ठामपणे म्हटलेलं ते पहिलंच वाक्य होतं.

"बंद कशाला? माळावर दोन्ही बाजूंनी मोकळंय. आत कोण, बाहेर कोण?" कारकुनानं पेन खाली ठेवलं. "नाही, मी अडवत नाही. मला शेरा लिहायचाय म्हणून विचारतो. दार बंद ठेवण्याचं प्रयोजन काय लिहू?"

गुरुजींच्या कादंबरीवर एवढी नेमकी टीका कुणी केली नव्हती. शेवटी कारकुनानं दयाबुद्धीनं 'मंडप' या सदरात परवानगी दिली आणि मंडपात जेवणावळ होणार नाही असं लिहून घेतलं.

दार उभं राहिलं. शूटिंग बघायला खोडाळ्यापासून वांगणीपर्यंतची माणसं आली. पहिल्याच दिवशी नट दाराआड उभा राहून घामाघूम होत विचार करत असताना शेळ्यांचा कळप चौकटीला वळसा घालून पलीकडे गेला. त्यांच्यामागून जिवाबाबा गेले. जिवाबाबा तिथल्या बोहाड्यातले जाणते गृहस्थ. ते थांबले, चौकट पुढून पाहिली, मागून पाहिली आणि गुरुजींच्या शेजारी येऊन बसले. गुरुजी त्या वेळी ओळख लपवायला तोंडाभोवती मफलर गुंडाळून उन्हात बसले होते.

"गुर्जी, ह्यो मानूस बाजूनं का जात नाय?"

"त्याला जाता येत नाही, बाबा. अडथळा त्याच्या मनात आहे."

"मग मन दावा ना. मानूस कशाला दावता?"

हे मुकेशनं ऐकलं आणि त्याला तिथल्या तिथे फील आला. मन दाखवायचं. मुखवटा घालून. बोहाड्यासारखं.

आमच्याकडे बोहाडा होतो तेव्हा देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात. संबळ वाजतो, सोंग येतं, नाचतं आणि जातं. कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं हे वाडवडलांपासून ठरलेलं असतं. गणपती ज्यांचा, त्यांचाच. शेजाऱ्याचे पाय कितीही हलके असोत. जिवाबाबांनी बोहाड्यातला मुखवटा द्यायला साफ नकार दिला, पण नवा करून द्यायला ते तयार झाले.

"मनाला शिंगं का सोंड?" त्यांनी विचारलं.

मुकेश म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच लिहिलंय ना, मनात एका वेळी खूप विचार असतात? मग मधे मोठं तोंड आणि दोन्ही बाजूंना छोटी छोटी तोंडं."

कागदाच्या लगद्याचा तो मुखवटा तयार झाला तेव्हा गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मधलं तोंड डोळे वटारून हसत होतं. बाजूंची तोंडं खांद्यांच्याही बाहेर गेली होती आणि त्यातलं प्रत्येक तोंड वेगळ्या कारणानं रागावलेलं दिसत होतं. नट तो चढवायला पुढे झाला, तेव्हा जिवाबाबांनी हात आडवा घातला.

"ह्ये सोंग कुनाच्या घराचं?"

"बाबा, हे शूटिंग आहे," मुकेश म्हणाला.

"संबळ आमचा हाय ना? सोंग हाय ना? मग घर पायजे. मन आजवर निघालं नव्हतं. ज्यानं काढलं त्याच्या घराचं." आणि जिवाबाबा गुरुजींकडे बघू लागले. त्यांच्यामागे संबळवाले बघू लागले. त्यांच्यामागे वांगणीपर्यंतची माणसं बघू लागली.

"माझे गुडघे..." गुरुजी म्हणाले.

"सोंगाला गुडघे नसत्यात. सोंग चढलं का आत मानूस नाय. तवर त्याला कुनी नावानं हाक मारत नाय का हात लावत नाय. संबळ थांबंपर्यंत."

गुरुजी नाहीच म्हणणार होते. पण तेवढ्यात माळाच्या कडेला शाळेची मुलं रांगेनं येताना दिसली. पुढे एक मध्यमवयीन बाई छत्री घेऊन चालत होत्या. त्या कोण हे गुरुजींना कुणी सांगायची गरज नव्हती. इतकी वर्षं टाळलेलं माणूस लांबूनही ओळखू येतं. आणि गुरुजींच्या मनात विचार आला: मुखवट्याच्या आत आपण कुणाला दिसणार?

"आणा तो मुखवटा," ते म्हणाले.

आत अंधार होता. खळीचा वास येत होता. मधल्या तोंडाच्या जबड्यातून समोरची वीतभर जमीन दिसत होती, बस. गुरुजींना बऱ्याच वर्षांनी इतकं सुरक्षित वाटलं. ते सुख जेमतेम संबळाची पहिली थाप पडेपर्यंत टिकलं. कारण शूटिंगवाल्यांचा लाउडस्पीकर रोहिदासांच्या हाती लागला होता.

"लक्ष द्या," डेपोतला तो जुना आवाज माळावर घुमला. "मनाच्या भूमिकेत, आतून कडी या कादंबरीचे लेखक, जव्हारचे तुळशीदास गुरुजी, दाराकडे निघत आहेत."

गुरुजी निघाले ते नाचायला नव्हे, पळायला. जबड्यातून दिसणाऱ्या वीतभर जमिनीच्या भरवशावर ते भरकन वळले आणि थेट चौकटीत शिरले. नट घाम पुसायला गेला होता, त्यामुळे दार उघडंच होतं. मधलं तोंड आरपार गेलं. बाजूंची तोंडं दोन्हीकडे लाकडाला अडकली. गुरुजींनी पुढे जोर लावला, मागे जोर लावला. चौकट कुरकुरली. मन पुढेही जाईना आणि मागेही जाईना.

संबळवाल्यांना वाटलं, हाच नाच आहे. सोंग जाईपर्यंत वाजवायचं असतं, म्हणून ते वाजवत राहिले. जिवाबाबांनी सांगून ठेवलं होतं म्हणून कुणी हात लावेना. मुकेश ओरडत होता, "चालू ठेवा, भारी आहे." पुष्पलताबाई गर्दीतून म्हणाल्या, "अहो, चष्मा आत आहे ना?" आणि कुणीतरी त्यांना गप्प केलं, कारण सोंगाला अहो म्हणायचं नसतं.

गुरुजी तिथे किती वेळ उभे होते कोण जाणे. बाहेर सगळं जग होतं आणि आत फक्त स्वतःचा श्वास. त्यांना रडू यायला लागलं. वयाला न शोभणारं, लहान मुलासारखं. दाराआड उभ्या असलेल्या माणसाबद्दल त्यांनी एक अख्खं पुस्तक लिहिलं होतं, आणि त्यात गुदमरणं, द्वंद्व, स्मृती असं बरंच काही होतं, पण आत्ता मनात जे होतं ते त्यात कुठेच नव्हतं. कुणीतरी यावं, एवढंच मनात होतं. आणि आल्यावर फार काही विचारू नये.

जबड्याखालच्या वीतभर जमिनीवर दोन चपला आणि छत्रीचं टोक आलं. नीताबाई चौकटीला वळसा घालून समोर आल्या होत्या.

"गुरुजी," त्या हळू म्हणाल्या. "सोंगाशी बोलायचं नसतं, ठाऊक आहे. पण तुम्ही एरवी सापडत नाही. माझं पत्र मिळालं होतं का?"

गुरुजींनी मान हलवायचा प्रयत्न केला. ती हलली नाही. उभीही नाही आणि आडवीही नाही.

"मिळालं असणार. तुम्ही आमच्या गावाला येईनासे झालात, तेव्हाच मला वाटलं." आवाजात राग नव्हता. "वडील आहेत अजून. खोलीतच असतात. मी रोज संध्याकाळी शाळेतून आले की कडी वाजवते. भाऊ म्हणतो, कशाला म्हाताऱ्याला छळतेस, एक लाथ घालू आणि दार काढून टाकू. म्हणून पुन्हा विचारते. वाजवावी का थांबावं?"

गुरुजींनी तोंड उघडलं. लगद्याचा एक तुकडा जिभेवर आला आणि त्यांना ठसका लागला. सगळी तोंडं थरथरली.

"बरं, बरं," नीताबाई म्हणाल्या. "पोस्टानं कळवा. मी आहे इथेच." आणि जायला वळता वळता म्हणाल्या, "गुरुजी, जरा तिरके व्हा. आडवे वळलात की निघाल."

गुरुजी आडवे वळले आणि निघाले. संबळ थांबला. टाळ्या पडल्या. मुखवटा काढेपर्यंत मुलांची रांग माळ उतरून गेली होती.

त्या संध्याकाळी गुरुजी उत्तर लिहायला बसले. पण मग मनात आलं, चित्रपट येतोच आहे. दार बंदच राहणार, मुकेशनं शब्द दिला आहे. तो पाहिल्यावर तिला आपोआप कळेल. आपण वाईट लिहितो, चित्र बोलेल. गुरुजींनी टोपण पेनाला लावलं.

चित्रपट आला. नाव होतं 'तोडलं दार'.

खेळ जव्हारच्या बाजारामागच्या एका सभागृहात दुपारी लागला. खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या होत्या, तरी फटींतून ऊन येत होतं, त्यामुळे पडद्यावर नायकाच्या गालावर सतत एक उजेडाचा पट्टा होता. नायकाला नाव मिळालं होतं, नोकरी मिळाली होती, मोटारसायकल मिळाली होती. बाहेरची बाई पोस्टाच्या सल्ल्यानुसार तरुण झाली होती. पहिल्या गाण्याआधीच नायकानं दाराला लाथ घातली. दार पडलं. मग त्यानं ती लाथ तीन बाजूंनी घातली, सावकाश. मग गाणं आलं, त्याचा भावार्थ असा की जिथे दार दिसेल तिथे ते तोडा. पोरं बाकांवर उभी राहून गाऊ लागली. मध्येच विनोद म्हणून मनाचं सोंग आलं, चौकटीत अडकलं, आणि त्यावर बदकाचा आवाज टाकला होता. जबड्यासमोर छत्री घेतलेली एक बाई क्षणभर दिसली आणि लगेच कापली गेली. सभागृह हसून लोळलं. आणि शेवटी, मोटारसायकल क्षितिजाकडे जात असताना, मोठ्या अक्षरात आलं: कथा, तुळशीदास गुरुजी.

"नाव आलं," रोहिदास सगळ्यांना ऐकू जाईल असे कुजबुजले.

बाहेर आल्यावर मुकेशनं पाया पडून विचारलं, "कसा वाटला?"

"दार," गुरुजी म्हणाले.

"बंदच ठेवलं होतं, गुरुजी. पहिली आठ मिनिटं. शब्द म्हणजे शब्द." त्याचा चेहरा इतका निरागस होता की गुरुजींना रागावताही येईना. लोक त्यांचे हात दाबत होते. रामीबाई म्हणाल्या, तुमच्यात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. जो तो त्यांचं अभिनंदन करत होता ते त्यांनी न लिहिलेल्या एकमेव गोष्टीबद्दल. आपण आयुष्यभर एकच वाक्य लिहिलं, आणि तेही लोकांपर्यंत नेमकं उलटं पोचलं, असं त्यांना वाटलं आणि ते बाजारातून खाली मान घालून घरी निघाले.

अर्ध्या वाटेवर त्यांचे पाय थांबले. हा खेळ उद्या खोडाळ्याला लागणार होता.

नीताचा भाऊ तो पाहणार. कथा कुणाची हे मोठ्या अक्षरात वाचणार. घरी जाऊन म्हणणार, बघ, तुझ्या गुरुजींनीच सांगितलंय. आणि संध्याकाळी त्या खोलीचं दार पडणार, आणि आत एक म्हातारा माणूस उजेडात उभा असणार, कुठेच जायला जागा नसलेला.

गुरुजी घरी गेले नाहीत. ते पोस्टात गेले. कारकुनानं "अभिनंदन, तरुण बाई शोभली" म्हणत कार्ड दिलं. दोरीला बांधलेल्या पेनानं गुरुजींनी खिडकीशी उभ्याउभ्याच लिहिलं. 'प्रिय' की 'महोदया' हे त्या क्षणी सुचलंच नाही, नुसतं 'नीताबाई' लिहिलं. प्रस्तावना नव्हती. दिलगिरीला जागा उरली नाही, कारण दोरी आखूड होती आणि अक्षर मोठं आलं. त्यांनी लिहिलं: 'कडी वाजवत राहा. त्यांना ती हवी असते. दार तोडू देऊ नका. चित्रपटातलं माझं नाही.'

पत्ता त्यांना पाठ होता. बाहेरच्या लाल पेटीत त्यांनी कार्ड अर्धं सरकवलं आणि हात तिथेच राहिला. 'हवी असते' हे आपल्याला नक्की ठाऊक आहे का? एका मुखवट्यात थोडा वेळ अडकल्यानं माणसाला दुसऱ्याबद्दल एवढं कळतं का? 'असावी' लिहायला हवं होतं. आणि कार्ड पोचेल कधी? खेळ उद्याचा. त्यापेक्षा...

"अहो," मागून आवाज आला. पुष्पलताबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. सभागृहापासून त्या मागोमाग चालत आल्या होत्या, हे गुरुजींना आता कळलं. "कुणाला आहे?"

"खोडाळ्याला."

"त्या मुलीला?"

माळावर ती काय म्हणाली हे गुरुजींनी त्याच रात्री त्यांना सांगितलं होतं. पुष्पलताबाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं.

"सोडा आता," त्या म्हणाल्या. "आणि खोडाळ्याची शेवटची गाडी अजून गेली नाहीये. कार्ड आपल्या वाटेनं येईल. आपण आजच जाऊन तिच्या घरी चहा घेऊ. भाऊही भेटेल."

"मी?"

"तुम्ही. मी कडी वाजवीन. तुम्ही नुसते उभे राहा."

गुरुजींनी बोटं सोडली. कार्ड आत पडल्याचा आवाज ऐकून ते क्षणभर थांबले. मग डेपोच्या रस्त्याला लागले, पुष्पलताबाईंच्या एक पाऊल मागून, जरा तिरके.